वाळवंटी छावणीतला दिवस : पाणी, रायफलचं तेल आणि दुपारची झोप

नवा_गडी
पुढच्या महिन्यात आमची तुकडी सहा महिन्यांसाठी वाळवंटी छावणीवर चालली आहे. पहिलीच खेप. सूचनांचा कागद मिळालाय, पण त्यात "भरपूर पाणी प्या, शस्त्र स्वच्छ ठेवा" यापलीकडे काही नाही. भरपूर म्हणजे किती लिटर? दिवस नेमका कसा आखतात? रायफलला तेल लावायचं की कोरडी ठेवायची? (दोघांना विचारलं, तीन उत्तरं मिळाली.) आणि दुपारी तंबूत झोप लागते का? जाणकारांनी सविस्तर लिहा.

मलमपट्टी
"भरपूर" हा शब्दच आधी खोडून टाका. अंगमेहनतीच्या कामात तासाला पाऊण ते एक लिटर, तेही थोडं थोडं. तासाला दीड लिटरच्या वर जायचं नाही आणि दिवसाचा एकूण आकडा १२ लिटरच्या आत ठेवायचा. त्याहून जास्त नुसतं पाणी ढोसलं की रक्तातलं सोडियम उतरतं. मग डोकं दुखतं, उलट्या होतात, माणूस बरळायला लागतो. बघणाऱ्याला वाटतं ऊन लागलंय, म्हणून तो आणखी पाणी पाजतो आणि प्रकरण हाताबाहेर जातं. अशा वेळी सोबत्याला दोन गोष्टी विचारा : लघवी कशी होतेय आणि सकाळपासून काय खाल्लंय. लघवी नितळ पाण्यासारखी, बाटल्यांवर बाटल्या रिचवलेल्या आणि जेवण टाळलेलं असेल, तर पाणी थांबवून थेट वैद्यकीय तंबूत न्या. उन्हाने भूक मरते हे खरं, पण मीठ मुख्यतः जेवणातूनच मिळतं. त्यामुळे जेवण चुकवणं आणि पाणी चुकवणं सारखंच.

कोरड्या हवेत घाम आल्याबरोबर उडून जातो, त्यामुळे अंग कोरडं वाटतं आणि घाम येतच नाही असा समज होतो. संध्याकाळी शर्टाच्या पाठीवर मिठाचे पांढरे नकाशे उमटलेले दिसतील, ते खरं माप.

अंग उन्हाला सरावायला १० ते १४ दिवस लागतात. पहिल्या दिवसापासून रोज सुमारे दोन तास उन्हात काम करायचं, जोर हळूहळू वाढवत न्यायचा. सावलीत बसून राहिलात तर सराव होत नाही. आणि दोन-चार आठवडे थंड ठिकाणी राहून परत आलात की पुन्हा जवळपास पहिल्यापासून सुरुवात.

काही छावण्यांत उष्म्याची पातळी दाखवणारा रंगीत झेंडा लावतात. त्यामागचं गणित असं : ओल्या फडक्यातल्या तापमापकाचे ७० टक्के, काळ्या गोळ्यातल्याचे २० टक्के, सावलीतल्या साध्या तापमापकाचे १० टक्के. अमेरिकी पद्धतीत ही बेरीज ३२ अंश सेल्सिअसच्या वर गेली की काळा झेंडा, म्हणजे जड काम तासात १० मिनिटं आणि ५० मिनिटं विश्रांती. चिलखती जाकीट अंगावर असेल तर आलेल्या आकड्यात जवळपास ३ अंश मिळवायचे. हे हमखास विसरलं जातं.

पाणी अति झाल्याच्या वरच्या खुणा नसताना माणूस असंबद्ध बोलायला लागला, झोकांड्या देऊ लागला तर तो उष्माघात समजा. आधी थंड करायचं, मग हलवायचं. कपडे काढा, बर्फाच्या पाण्यात बसवा. ते नसेल तर चादरी भिजवून गुंडाळा, सतत पाणी ओता, वारा घाला. गाडीची वाट बघत बसू नका.

गंजपेठ
दिवसाच्या आखणीचं सांगतो. सगळा दिवस उन्हाभोवती वळवलेला असतो. फटफटायच्या आधी सगळे आपापल्या मोर्चावर, उजाडलं की शस्त्रसफाई आणि न्याहारी. खोदकाम, पोती भरणं, गाड्यांची कामं दहाच्या आत उरकायची. अकरा ते चार सावलीतली कामं : बॅटऱ्या, नोंदवह्या, झोप. चारनंतर पुन्हा काम, अंधारात पहारा. भर दुपारचा पहारा अर्ध्या तासाने बदलतात, रात्रीचा दोन तासांनी. रात्रीसाठी गरम कपडे हवेतच. आकाश निरभ्र असतं, जमीन भराभर निवते, पहाटे दात वाजतात.

आता रायफल. बाहेरचा भाग कोरडा. बोल्ट (गोळी आत ढकलणारा सरकता भाग) जिथे घासतो तिथे तेलाचं बोट फिरवायचं, बाकी पुसून घ्यायचं. तेल आणि धूळ एकत्र आली की घासकागदाचं काम करते. चेंबरला (गोळी झाडताना जिथे बसते ती जागा) तेल अजिबात नाही. नळीच्या तोंडाला प्लॅस्टिकची टोपी किंवा पातळ चिकटपट्टी. चिंधी कोंबू नका, काढायची विसरून गोळी झाडली तर नळी फुगते, फाटते.

तिरपा_डोळा
गंजपेठकरांचं बाकी सगळं मान्य, तेलाचं नाही. निदान सरसकट तरी नाही. ज्या रायफलीत नळीतला गॅस थेट बोल्टच्या घरात सोडलेला असतो, ती जवळपास कोरडी चालवली की काजळी घट्ट बसते आणि अडते. तेल असेल तर तीच घाण पातळ राहून बाहेर ढकलली जाते. २००७ मध्ये अबर्डीनच्या चाचणी मैदानावर अमेरिकी लष्कराने चार प्रकारच्या कार्बाइन (आखूड नळीच्या रायफली) धुळीत घालून चालवल्या, प्रत्येक प्रकाराच्या ६०,००० गोळ्या. तेल सगळ्यांना सढळ, कारण आधीच्या चाचण्यांत थोड्या तेलापेक्षा तेच सरस ठरलं होतं. तरीही एम-४ चे (ही अशीच थेट गॅसवाली) ८८२ अडथळे, एक्सएम-८ चे (हिच्यात गॅस आधी पिस्टनला ढकलतो) १२७. म्हणजे तेल सारखं असलं तरी धुळीतलं वागणं शस्त्रागणिक वेगळं. तुमच्या शस्त्राची पुस्तिका आणि तुकडीतला आर्मरर (शस्त्रं दुरुस्त करणारा) सांगेल तेच करा.

पण त्या आकड्यांतली एक बाब कुणी बघत नाही. एम-४ च्या ८८२ पैकी २३९ अडथळे मॅगझिनमुळे (गोळ्या भरायची पेटी) होते. लोक बोल्ट तासभर चकचकीत करतात आणि मॅगझिन आठवडाभर उघडत नाहीत. गोळ्या बाहेर काढा, तळाची पट्टी सरकवा, स्प्रिंग आणि गोळ्यांखालची पट्टी कोरड्या फडक्याने पुसा, गोळ्याही एकेक पुसून भरा. इथे मात्र तेलाचा थेंबही नको, त्याला धूळ चिकटून लगदा होतो आणि गोळी वर सरकत नाही. पाऊचमध्ये मॅगझिन तोंड खाली करून ठेवा.

गंजपेठ
शस्त्रागणिक वेगळं, हे मान्य. मी लिहिलं ते पिस्टनवाल्या रायफलीचं, तसं लिहायला हवं होतं. मॅगझिनबद्दल शंभर टक्के सहमत.

नवा_गडी
दोघांचेही आभार, आता तीन उत्तरं का मिळाली ते कळलं. झोपेचं राहिलं. आणि वावटळीत तंबू उडतात म्हणे?

खुंटी_दोर
उडतात, कारण वाळूत खुंटी धरत नाही. पोतं वाळूने भरा, मधोमध दोर बांधा, दोराच्या दिशेला आडवं ठेवून अर्धा मीटर खोल पुरा आणि वर वाळू तुडवा. पहिल्या जोरदार वाऱ्यानंतर सगळे दोर पुन्हा ताणायचे. कोरड्या ओढ्याचं पात्र सपाट आणि आडोशाचं दिसतं म्हणून तिथे तंबू ठोकू नका. दूर डोंगरात पडलेला पाऊस तिथे लोंढा होऊन येतो, डोक्यावर ढगही नसतो.

पोती काठोकाठ भरली तर गोल होतात आणि घरंगळतात. पाऊण भरा, तोंड खाली दुमडा, फावड्याच्या पाठीने चेपून चपटी करा, विटांसारखे सांधे मोडत रचा. प्लॅस्टिकच्या विणीची पोती उन्हाने कुजतात, भिंत बाहेरून शाबूत दिसते आणि हात लावला की वाळू सांडते.

झोप लागते, पण सोय करावी लागते. तंबूवर हातभर अंतर सोडून दुसरं कापड ताणा, मधून हवा खेळली पाहिजे. कापड तंबूला टेकलं तर काही उपयोग नाही. बाजूचे पडदे वाऱ्याच्या दिशेने वर गुंडाळा, खाट जमिनीपासून उंच. पाण्याची बाटली ओल्या मोज्यात घालून वाऱ्यावर टांगा, माठासारखी गार होते. गार पाणी आपोआप जास्त प्यायलं जातं.

रात्री मच्छरदाणी हवीच, पण साधी नाही. वाळूमाशी मच्छराच्या जाळीतून आत शिरते, म्हणून बारीक विणीची आणि परमेथ्रिन (कीटकनाशक) लावलेली घ्या. तिच्या चाव्यातून लेशमॅनियासिस हा परजीवीचा आजार होतो. उडायला ती दुबळी, त्यामुळे साध्या पंख्याचा झोतही तिला लांब ठेवतो.

बूट जमिनीवर सोडू नका. मोजा बुटाच्या तोंडावर घट्ट ओढून खाटेला उलटे टांगा, सकाळी तरीही आपटून घ्या. विंचू शोधायला अतिनील टॉर्च ठेवा, त्या उजेडात तो हिरवट चमकतो. उंटकोळी दिसायला भयंकर, पण विषारी नाही. तो तुमच्या मागे लागलाय असं वाटेल, प्रत्यक्षात त्याला तुमची सावली हवी असते. बाजूला सरका.