मदत हवी आहे: एकाच घरात एकाला थंडीत मजा, दुसऱ्याला हुडहुडी, असं का?

खळ्यातली_तुळस

नमस्कार मंडळी. माहेर निफाडकडचं, सासर गुहागर तालुक्यात, समुद्र घरापासून हाकेच्या अंतरावर. निफाडला पारा पाच-सहावर उतरला की द्राक्षबागेत शेकोट्या पेटवायला आम्ही पहाटे उठायचो. त्यामुळे इथला १८-१९ अंशांचा गारठा मला गारठा वाटतच नाही. वर्षभर घामानं चिकचिक झाल्यावर हेच काय ते दिवस सुखाचे. सासऱ्यांचंही तसंच. अण्णा पहाटे उघड्या अंगानं खळ्यात चहा पीत बसतात. खोबरेलाची बाटली उचलून बघायची, तेल थिजलेलं दिसलं की स्वारी खूश, कारण सगळं लक्ष कलमांच्या मोहोराकडे.

सासूबाईंना मात्र हे दिवस नकोसे होतात. दिवेलागणीला खिडक्या बंद, कानटोपी, स्वेटर, वर शाल. रात्री पंख्यावरून रोज कटकट. बंद केला तर डास फोडून काढतात, लावला तर आई कुडकुडतात. इतके दिवस "कोकणातल्या माणसाला थंडीची सवय नाही" म्हणून सोडून दिलं. पण अण्णाही इथलेच की! जन्म त्याच गावात, ताटात तेच जेवण.

आणि यंदा जरा वेगळंच चाललंय. दुपारी बाहेर ३१-३२ असतानाही आईंचे पाय गार पडतात, उन्हात जाऊन बसतात. मागच्या हिवाळ्यात असं नव्हतं. अण्णा म्हणतात, "नाटकं आहेत." मला ते पटत नाही. वय साठीच्या पुढे आहे, हा वयाचा भाग की दाखवायला हवं? आणि पंख्यावर काही तोडगा असेल तर तोही सांगा.

कलमी_माणूस

अण्णांच्या बाजूनं एवढंच सांगतो की आम्हा बागायतदारांना थंडी आवडते त्यात अंगाचा संबंध कमी, खिशाचा जास्त. डिसेंबरात रात्री गार झाल्या नाहीत तर हापूस नुसती पालवी काढतो आणि आम्ही वर बघत बसतो. पण तीही बेतानंच हवी. पारा बरेच दिवस १५ च्या खाली राहिला की फळं धरलेल्या काडीलाच पुन्हा मोहोर फुटतो आणि आधीची कणीएवढी फळं गळून जातात. त्या आठवड्यात अण्णांना विचारा थंडी आवडते का.

मालवणी_झील

आमच्याकडे जत्रा सुरू झाल्यो की थंडी सुरू. दशावतार बघूक रातभर बसाचा तर कांबळा व्हयाच. माका थंडी आवडता ती तेवढ्यासाठीच.

कॅम्पदापोली

गुहागरची थंडी ही काय थंडी? आमच्याकडे काही वर्षी पारा दहाच्या आसपास जातो. उगाच नाही इंग्रजांनी इथे कॅम्प टाकला. समुद्राकाठी रात्री पाणी ऊब धरून ठेवतं, आम्ही जरा उंचावर आणि आत. (मिनी महाबळेश्वर म्हणतात ते पर्यटकांसाठी, पण जानेवारीत थोडंफार खरंही आहे.)

खाडीपल्याड

ताई, "सवय नाही" हे अर्धं बरोबर आहे, उरलेलं अर्धं जास्त मजेचं आहे.

आपल्याला हवेचं तापमान कळत नाही, कळतं ते कातडीचं. कातडीतल्या मज्जातंतूंच्या टोकांवर गारवा ओळखणारी प्रथिनं असतात. त्यातल्या मुख्य प्रथिनाचं नाव टीआरपीएम८. पुदिन्यातलं मेन्थॉलही त्यालाच चेतवतं, म्हणून बाम लावल्यावर जागा गार लागते, प्रत्यक्षात ती गार झालेली नसते. तापमान आणि स्पर्श ओळखणाऱ्या या यंत्रणेच्या शोधासाठी डेव्हिड ज्युलियस आणि आर्डेम पाटापुटियन यांना २०२१ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं. आता ज्याच्या हातापायांच्या रक्तवाहिन्या गारव्यात पटकन आकसतात, त्याची कातडी लवकर गार होते आणि त्याला थंडी आधी वाजते. बायकांचे हात सरासरीनं पुरुषांपेक्षा गार असतात. बसल्याजागीही स्नायू उष्णता तयार करतात, आणि तेही सहसा बायकांत कमी. बारीक अंगाच्या माणसाची उष्णता लवकर निघून जाते. त्यामुळे एका खोलीत दोघांना दोन ऋतू असू शकतात, त्यात नाटक काही नाही.

सवयीचं म्हणाल तर कोरियातल्या जेजू बेटावरच्या हेन्यो बायकांचं उदाहरण फार बोलकं आहे. या बायका बुडी मारून शिंपले, समुद्री शेवाळ गोळा करतात. पूर्वी सुती कपड्यांत ऐन हिवाळ्यातही उतरायच्या. १९६० च्या दशकात अभ्यासकांनी तपासलं तर हिवाळ्यात त्यांचं शरीर नेहमीपेक्षा जास्त उष्णता तयार करत होतं आणि थरथर उशिरा सुरू होत होती. पुढे रबरी पोशाख आले आणि काही वर्षांत हे सगळं ओसरलं. म्हणजे अंग थंडीला सरावतं, आणि सराव सुटला की विसरतंही.

आपल्याकडे अडचण अशी की कोकणात हा सराव व्हायला वावच नाही. पहाटे १८, दुपारी ३२. थंडी चार तास भेटते आणि ऊन तिला पुसून टाकतं. त्यात पहाटेचे मतलई वारे डोंगराकडून समुद्राकडे वाहतात, कोरडे आणि गार. इथे जानेवारीतही समुद्राचं पाणी २५ अंशांच्या वर असतं, पहाटेच्या हवेपेक्षा उबदार. आमच्याकडे कालवं काढणाऱ्या बायका म्हणतात, पाण्यात असताना बरं वाटतं, बाहेर आलं की दात वाजतात. ओल्या अंगाला वारा लागला की असंच व्हायचं. पंख्याचंही तेच: तो खोली गार करत नाही, अंगाभोवतीचा उबदार हवेचा थर उडवून लावतो. तुम्हाला तो थर नकोसा, आईंना हवासा.

सिस्टरमावशी

वरचं सगळं वाचलं, छान आहे. पण तुळस, तू एक वाक्य लिहिलंयस त्यावर कोणी बोललंच नाही: "मागच्या हिवाळ्यात असं नव्हतं."

जन्मभर थंडी वाजणारं माणूस वेगळं आणि यंदा अचानक दुपारी उन्हात पाय गार पडणारं माणूस वेगळं. पहिल्याला शाल द्यायची, दुसऱ्याचं रक्त तपासायचं. मी आरोग्यसेविका म्हणून आयुष्य घालवलंय, आपल्या गावांतल्या बायकांत रक्त कमी असणं इतकं सर्रास आहे की त्या थकव्यालाच वय समजतात. लोह कमी पडलं की शरीराला ऊब धरून ठेवणं जमत नाही. दुसरं, थायरॉइड मंदावलं तरी थंडी सोसत नाही. सोबत थकवा, बद्धकोष्ठ, कोरडी कातडी, वजन वाढणं, असं काही आहे का बघ. बोटं पांढरी पडून मग निळी, नंतर लाल होत असतील तर तेही डॉक्टरांना सांग, तो रक्तवाहिन्यांचा वेगळा प्रकार असतो. मधुमेह असेल तर पाय रोज तळव्यापर्यंत बघायचे.

वयाचाही वाटा आहेच. म्हातारपणी स्नायू कमी होतात, कातडीकडचं रक्त वेळेवर आवरलं जात नाही. पण वय एका वर्षात एवढी उडी मारत नाही.

आणि एक, खिडक्या बंद करून खोलीत कोळशाची शेगडी ठेवू नका. तिच्यातून निघणाऱ्या विषारी वायूला वास नसतो, माणूस झोपेतच जातो. गरम पाण्याची पिशवी द्यायची तर फडक्यात गुंडाळून, अंथरूण ऊबवायला, आणि झोपताना काढून घ्यायची. गार पायांना चटका कळत नाही.

खळ्यातली_तुळस

सिस्टरमावशी, थकवा आहे. जिना चढताना धाप लागते. ते आम्ही गुडघ्यांवर ढकलत होतो. तालुक्याला नेते.

कॅम्पदापोली

पंख्यासाठी: आईंच्या पलंगाला मच्छरदाणी लावा आणि पंखा तुमच्या बाजूला, टेबलफॅन असेल तर उत्तम. मच्छरदाणीत वाराही कमी लागतो. दिवसा त्या लादीवर बसून भाजी चिरतात का? लादी अंगातली ऊब ओढून घेते, खाली पाट किंवा गोणपाट द्या. आमच्या आजीच्या सारवलेल्या माजघरात हा त्रास नव्हता. पायमोजे सुती द्या, आणि रात्री डोकं धुवायचं बंद.

कलमी_माणूस

पोपटी लावा हो एकदा खळ्यात. वालाच्या शेंगा, भांबुर्ड्याचा पाला, मडकं उलटं करून भोवती जाळ. रायगडवाल्यांची खासियत, पण गुहागरात मनाई नाही. आई आपोआप जाळाजवळ येऊन बसतील.

खळ्यातली_तुळस

रिपोर्ट आला. हिमोग्लोबिन नऊच्या खाली. थायरॉइडचा उद्या मिळेल. डॉक्टर म्हणाले, नुसत्या गोळ्या देऊन भागणार नाही, या वयात रक्त कशानं कमी झालं ते शोधायला हवं, म्हणून पुढच्या तपासण्या सांगितल्यात. अण्णा रिपोर्ट वाचून गप्प झाले, मग स्वतः बाजारात जाऊन मच्छरदाणी घेऊन आले. आकार चुकलाय, डबलच्या पलंगाला सिंगलची आणलीय, पण आई एकट्याच झोपतात त्यात, त्यामुळे चाललंय. लोहाच्या गोळ्या चालू केल्या. आई त्या चहाबरोबर घेतात, चालेल ना?

सिस्टरमावशी

नाही चालणार. चहा गोळीतलं लोह अंगी लागू देत नाही. आधी-नंतर तास-दोन तास चहा नको, पाण्यात लिंबू पिळून त्याच्याबरोबर दे. शौचाचा रंग काळा होईल, घाबरू नका. पण गोळ्या सुरू व्हायच्या आधीपासूनच काळं होत असेल तर ते डॉक्टरांना आजच सांग, उद्यावर ठेवू नको. थायरॉइडचा आकडा आला की इथे टाक.