बाबांचा स्वभाव पार बदललाय, मदत हवी आहे

मधुमालती: बाबा ६७ वर्षांचे. जन्मभर बाहेरचा चहाही न पिणारा माणूस, आता पेन्शन जमा झाली की थेट लॉटरीच्या दुकानात. गादीखाली तिकिटांचे गठ्ठे सापडले. विचारलं की आईच्या अंगावर धावून जातात. मध्यरात्री उठून रेडिओ खोलतात, स्क्रू पेपरवर ओळीने मांडतात, पुन्हा मोडतात, पुन्हा मांडतात. बाकी तब्येत ठीक. पुण्यात चांगला समुपदेशक सुचवा, लवकर.

अनुजा_के: थायरॉइड तपासलं? माझ्या सासूबाई अशाच उखडायच्या. गोळी सुरू झाली आणि निवळल्या.

कोकणकडा: रिटायरमेंटचं रिकामपण. अनुलोम-विलोम करायला लावा, ताण उतरेल.

अनुजा_के: प्रत्येक धाग्यावर अनुलोम-विलोम काय! आधी रक्त तर तपासू द्या.

शिशिर७१: औषधं कोणती चालू आहेत?

मधुमालती: बीपीची आणि हात थरथरतो त्याची. त्याचा इथे काय संबंध? मी समुपदेशक विचारलाय.

शिशिर७१: थरथरीच्या गोळीचं नाव?

मधुमालती: प्रामिपेक्सोल. पार्किन्सन्स आहे. दिवाळीच्या सुमारास डोस वाढवला.

शिशिर७१: संबंध तिथेच असू शकतो. ही गोळी मेंदूत डोपामीन या रसायनाचं काम करते. थरथर आवरते, पण बक्षिसाची ओढ लावणाऱ्या भागातही पोचते. माझ्या काकांनी याच पायी कर्ज केलं होतं. अमेरिका-कॅनडातल्या ३०९० रुग्णांची पाहणी २०१० साली छापून आली. या गटातली औषधं घेणाऱ्यांत जुगार, खरेदी, खाणं, लैंगिक इच्छा यांपैकी काहीतरी हाताबाहेर गेलेले १७.१ टक्के, न घेणाऱ्यांत ६.९. न्यूरोलॉजिस्टना तिकिटं आणि रेडिओ दोन्ही सांगा. गोळी परस्पर बंद करू नका, एकदम तोडली तर घबराट, नैराश्य येतं.

कोकणकडा: म्हणूनच म्हणतो, खाजकुइलीच्या बियांची पूड द्या. नैसर्गिक आहे.

शिशिर७१: त्या बियांत लेवोडोपाच असतो, म्हणजे पार्किन्सन्सचंच औषध. चालू औषधांवर स्वतःच्या मनाने भर घालायची? मुळीच नाही.

हिशेबनीस: बक्षीस लागलं असेल तर त्यावर ३० टक्के कर आहे, तिकिटं जपून ठेवा.

मधुमालती: डॉक्टरांची वेळ पुढच्या महिन्यात आहे. तोवर एटीएम कार्ड काढून घेऊ? आई म्हणते त्यांना फार लागेल.

शिशिर७१: पुढच्या महिन्यापर्यंत थांबू नका. उद्याच दवाखान्यात फोन करून 'गोळीमुळे जुगार सुरू झालाय का' असं स्पष्ट विचारा. कार्डाचं बाबांशीच बोला, आजार समजावून. आमचे काका स्वतःहून म्हणाले होते, 'घे बाबा, माझ्याकडे ठेवू नकोस.'