मदत हवी आहे: जावयाचं फ्रेंच आडनाव, तीन कागदांवर तीन तऱ्हा

नमस्कार मंडळी,

आमच्या कुलवृत्तान्ताची नवी आवृत्ती निघतेय. लेकी-जावयांच्या माहितीचा फॉर्म आलाय, त्यात 'जावयाचे मूळ घराणे व मूळ गाव' असा रकाना आहे. जावई उत्तर फ्रान्समधल्या लीलचा. गोत्रापुढे रेघ मारून मोकळी झाले, पण या रकान्यापाशी पंधरा दिवस अडलेय.

आडनाव 'लफेव्र'. पासपोर्टवर मधे एक 'बी' (b) हे अक्षर आहे, ते मुकं. विहीणबाईंनी जुन्या कागदांचे फोटो पाठवले, तर जावयाच्या पणजोबांच्या लग्नाच्या दाखल्यात तो बी गायब! त्याहून जुन्या एका कागदावर चक्क 'लफेब्यूर'. विहीणबाईंचं ठाम मत: बी-वाले ते आपले, बिनबी-वाले वेगळे. मग हे पणजोबा कुणाचे? नावावरून गाव कळेल का? एका साइटवर पैसे भरले की घराण्याचं मानचिन्ह मिळतं म्हणे. भरू का?

प्रतिसाद १

काकू, आधी ते पैसे वाचवा. मानचिन्ह कुठल्या तरी एका घराण्याचं असतं, आडनावाचं नसतं.

लफेव्र म्हणजे लोहार. लॅटिन 'फाबेर' म्हणजे कारागीर, त्याचं जुन्या फ्रेंचमध्ये 'फेव्र' झालं. हा शब्द आता एकटा कुणी वापरत नाही, पण सोनाराला आजही 'ऑर्फेव्र' म्हणतात, त्यात तो टिकून आहे. बी उच्चारातून केव्हाच गेला होता. लॅटिन शिकलेल्या लेखनिकांनी 'फाबेर'ची आठवण म्हणून तो कागदावर परत घुसवला. त्या काळी यू आणि व्ही ही एकाच अक्षराची दोन रूपं होती. कुणीतरी व्हीचा यू वाचला आणि 'लफेब्यूर' जन्माला आलं. म्हणजे तुमच्या तिन्ही कागदांवरचं नाव एकच.

पण नाव एक म्हणून घराणं एक, असं नाही. गावोगावचे कुलकर्णी कुठे एकमेकांचे भाऊबंद असतात? लोहार तर प्रत्येक गावाला लागायचाच.

प्रतिसाद २

वरच्या प्रतिसादात भर. हे रूप उत्तरेचं: नॉर, पा-द-काले, पिकार्दी, नॉर्मंडी. दक्षिणेत त्याच लोहाराचा 'फाब्र' किंवा 'फोर' होतो (कीटकांवर लिहिणारे जाँ-आंरी फाब्र दक्षिणेतल्या अवेरोंचे), सावोयमध्ये 'फाव्र', ब्रिटनीत 'ल गॉफ', आल्सासमध्ये 'श्मिट'. १८९१ ते १९९० मधल्या जन्मांवरून कुठलं आडनाव कुठे किती, याचे नकाशे नेटवर मिळतात. त्यातून प्रांत कळेल, गाव नाही.

गावासाठी नॉर जिल्ह्याच्या अभिलेखागाराची साइट उघडा. स्कॅन फुकट आहेत. १७९२ पर्यंतच्या नोंदी चर्चच्या, पुढच्या नगरपालिकेच्या; या पुढच्यांना दर दहा वर्षांची नावांची सूची असते. पणजोबांच्या लग्नापासून मागे जा, कारण त्या दाखल्यात जन्मगाव आणि आई-वडिलांची नावं असतात. साधारण १७९३ ते १८०५ च्या तारखा फ्रेंच राज्यक्रांतीच्या वेगळ्या पंचांगातल्या, तिथे गोंधळू नका.

आणि दाखल्याच्या तळाशी सह्या बघा. मजकूर कारकुनाचा असतो, सही माणसाची.

धागाकर्ती

अहो, सह्या पाहिल्या! विहीणबाईंनी पहिलंच पान पाठवलं होतं, मागची बाजू काल मागवली. मजकुरात बी नाही, पण नवरदेवाने स्वतः थोरल्या, डुगडुगत्या अक्षरांत सही केलीय आणि तीत बी आहे. त्याच्या वडिलांपुढे लिहिलंय, 'सही करता येत नसल्याचे सांगितले'. जन्मगाव म्हणून कांब्रेजवळचं एक खेडं आहे.

मूळ गावाचा रकाना भरला. विहीणबाईंना फोटो पाठवलाय, त्यांचं उत्तर आलं, "मी म्हटलं नव्हतं?" आता त्या वडिलांची जन्मनोंद शोधायचीय. सूचीत बी-वाले आणि बिनबी-वाले दोन्हीकडे बघावं लागेल ना?

प्रतिसाद २

हो, आणि 'लफेब्यूर'सुद्धा.