तारीख उलटलेलं दही, त्यात मधे वीजही गेलेली. वापरावं का?

नमस्कार. आम्ही ठाण्यात कासारवडवलीला राहतो. घरच्या सत्यनारायणाला मठ्ठ्यासाठी दह्याचे मोठे डबे आणले होते, त्यातले दोन उरले. एक सीलबंद, दुसरा फोडून निम्मा वापरलेला. दोन्हींची 'यूज बाय' तारीख परवा संपली. होते फ्रिजमध्येच, पण काल दुपारी गेलेली वीज संध्याकाळी आली, आणि या उकाड्यात मुलं पाण्यासाठी सारखा फ्रिज उघडत होती.

फोडलेल्या डब्यात वर पाणी सुटलंय. वास आंबट आहे, घाण नाही. बुरशी दिसत नाही. सासूबाई म्हणतात, दही मुळातच आंबवलेलं, त्याला कसली तारीख, कढी करून टाक. एरवी केलीही असती. पण नणंद बाळंतपणाला आलीय, सातवा संपत आलाय, आणि तिला जेवणात रोज दही लागतं. अन्न टाकायचं जिवावर येतं, तरी तिच्या बाबतीत मला अंदाजाने काही करायचं नाही. सीलबंद डबा चालेल का? कढी उकळली की धोका जातो का?

प्रतिसाद, ऐरोलीहून:

ताई, मी डेअरीच्या प्रयोगशाळेत काम केलंय. सासूबाईंच्या म्हणण्यात तथ्य आहे. विरजणातले जिवाणू दुधातल्या साखरेचं लॅक्टिक आम्ल करतात, पीएच 4.5 च्या आसपास उतरतो आणि आजार करणाऱ्या बहुतेक जिवाणूंना तिथे वाढणं कठीण होतं. त्यामुळे सतत गार राहिलेलं सीलबंद दही तारखेनंतर एक-दोन दिवसांत सहसा फक्त जास्त आंबट होतं. वर सुटलेलं पाणी ही निवळी, तीही खराबीची खूण नाही.

पण ती तारीख काढतात तीच मुळी डबा गार राहिला हे धरून. बंद फ्रिज वीज गेल्यावर साधारण 4 तास थंडी धरतो, सारखा उघडला तर तेवढीही नाही. दुधाचे पदार्थ 4 अंशांच्या वर दोन तासांहून जास्त राहिले तर टाकावेत, हा नेहमीचा दंडक. तुमच्याकडे खरा प्रश्न तारखेपेक्षा कालच्या दुपारचा आहे.

आंबटपणाला यीस्ट आणि बुरशी दाद देत नाहीत. झाकण फुगलं असेल, बुडबुडे किंवा गुलाबी-केशरी डाग असतील, तर चव घेऊनही बघू नका. बुरशी वरवरची काढून खालचं खाणंही नको, मऊ पदार्थात ती न दिसता खोल गेलेली असते.

कढीचं म्हणाल तर उकळल्याने जिवाणू मरतात, पण स्टॅफिलोकोकससारख्या काहींनी आधीच केलेलं विष उकळूनही टिकतं. म्हणून बिघडल्याचा संशय असलेल्या दह्याची कढी हा उपाय नव्हे. फोडलेला डबा टाकाच, त्यात किती चमचे बुडाले असतील कोण जाणे.

प्रतिसाद, कळव्याहून:

नणंदेसाठी तर दोन्ही नकोत. लिस्टेरिया नावाचा जिवाणू फ्रिजच्या गारव्यातही वाढू शकतो. पाश्चराइज्ड दुधाच्या दह्यात तो असण्याची शक्यता कमी, पण गरोदरपणात त्याचा संसर्ग पोटातल्या बाळापर्यंत जातो. एका डब्यापायी एवढी जोखीम कशाला?

आणि 'यूज बाय' व 'बेस्ट बिफोर' यांत फरक आहे. दुसरी तारीख चवीची आणि दर्जाची. पहिली उलटल्यावर माल विकायचाच नसतो. एफएसएसएआयच्या 2020 च्या लेबल नियमांत 'यूज बाय' किंवा एक्सपायरी छापणं सक्तीचं आहे, 'बेस्ट बिफोर' ऐच्छिक.

धागाकर्ती:

दोघांचेही मनापासून आभार. सासूबाईंना उकळूनही टिकणाऱ्या विषाचं वाचून दाखवलं, त्यांना पटलं. दोन्ही डबे काढतेय. सीलबंद डब्यातलं चमचाभर विरजणाला घेतलं तर चालेल का?

प्रतिसाद, ऐरोलीहून:

नको. त्यात नको ते वाढलं असेल तर तेच नव्या दुधात जाईल. विरजणापुरतं ताजं दही आणा, दूध उकळून कोमट झाल्यावर लावा. या हवेत चार-पाच तासांत लागेल, लागलं की लगेच फ्रिजमध्ये ठेवा. नणंदेला रोज त्यातलंच ताजं द्या.