४२९४९६७२९७ मूळ आहे का? तीन रात्री भागतेय

प्रश्न (वहीपेन्सिल):
३, ५, १७, २५७, ६५५३७ या पाचही मूळ संख्या. २ चा १, २, ४, ८, १६ वा घात घेऊन त्यात १ मिळवला की त्या येतात. पुढची २ चा ३२ वा घात अधिक १, म्हणजे ४२९४९६७२९७. ही मूळ आहे का, ते मला कॉम्प्युटरला न विचारता शोधायचंय. ३१३ पर्यंतच्या सगळ्या मूळ संख्यांनी भागून झालं, एकदाही निःशेष भाग गेला नाही. वर्गमूळ ६५५३६ च्या किंचित पुढे, म्हणजे एकूण ६५४२ भागाकार! यातले काही टाळता येतील का? उत्तर सांगू नका, वाट दाखवा.

शून्यबाकी:
जवळजवळ सगळे टाळता येतात, आणि मला या संख्येतलं हेच सगळ्यात आवडतं. समजा प या मूळ संख्येने भाग जातो. मग २ च्या ३२ व्या घाताला प ने भागल्यावर बाकी −१ धरता येते, आणि वर्ग केला की ६४ व्या घाताची बाकी १. त्याआधी १ कुठेच येत नाही, कारण बाकी १ पहिल्यांदा ज्या घाताला येते, तो बाकी १ देणाऱ्या प्रत्येक घाताचा विभाजक असतो. आधी आली असती तर तो घात ६४ चा, म्हणून ३२ चाही विभाजक ठरला असता आणि ३२ व्या घातालाही १ च आली असती. पण गणितज्ञ फर्माच्या छोट्या सिद्धांताने प−१ व्या घाताची बाकीसुद्धा १. तेव्हा प−१ ला ६४ ने भाग जायलाच हवा.

म्हणजे ६४ चा पाढा म्हणा, प्रत्येकात १ मिळवा, त्यातल्या मूळ तेवढ्या घ्या. तुमच्या वहीतले १९३ आणि २५७ हे दोनच भागाकार कामाचे होते. आता ४४९ पासून पुढे चला.

वहीपेन्सिल:
४४९ नाही. ५७७ नाही. ६४१ ला शेवटी ४४८ उरले, वरून ७ उतरवला, ४४८७ झाले, आणि ६४१ सत्ते ४४८७! दोनदा ताळा केला. भागाकार ६७००४१७. हात थरथरत होता हो. आता हा मूळ आहे का?

शून्यबाकी:
अभिनंदन! फर्माला या जातीच्या सगळ्याच संख्या मूळ वाटत होत्या. १७३२ मध्ये गणितज्ञ ऑयलरने हाच ६४१ काढून दाखवला.

६७००४१७ चा अवयव मोठ्या संख्येचाही अवयव असणार, म्हणून तीच चाळणी इथेही लागते. उलट ती आणखी बारीक करता येते: ल्युका या गणितज्ञाने दाखवलं की ६४ च्या जागी १२८ चालतो. वर्गमूळ २५८८ च्या आसपास, तेव्हा उमेदवार फक्त २५७, ६४१, ७६९, ११५३, १४०९. त्यातला २५७ तुमचा झालेलाच आहे.

वहीपेन्सिल:
६४१ ने बाकी ४४, ७६९ ने १२०, ११५३ ने ३३४, १४०९ ने ६२२. मूळ आहे. चार भागाकारांत!