पिंगळ्याचे फोटो काळपट येतायत, फ्लॅश मारू का?

कोलशेतकर
नमस्कार मंडळी, आमच्या सोसायटीच्या मागे जुना रेन ट्री आहे, त्याच्या ढोलीत पिंगळ्याची (छोट्या घुबडाची) जोडी राहते, तिसऱ्या मजल्यावरच्या किचनच्या खिडकीतून अगदी समोर दिसते. माझ्याकडे क्रॉप (लहान) सेन्सरवाली साधी कॅमेरा बॉडी आणि ७०-३०० लेन्स. संध्याकाळी सातच्या सुमारास दोघं बाहेर येऊन बसतात तेव्हा फोटो काढतो, पण सगळे काळपट, नंतर फोनवर उजळवले की दाणेच दाणे. फ्लॅश घ्यावा का? आणि शेजारच्यांना एखादी जागा विचारली की येऊरला रात्री जा म्हणतात, तिथे घुबडं दिसतात म्हणे.

दुर्बीणवाला
फ्लॅश नको रे बाबा. अंधारात बघायला बनलेले डोळे आहेत ते, त्यावर उजेड फेकला की पक्षी काही वेळ आंधळ्यासारखाच होतो आणि तीच त्याची शिकारीची वेळ.
तुझा लोचा वेगळा आहे. तू बहुतेक आयएसओ (कॅमेऱ्याची उजेडाला संवेदनशीलता) ८०० च्या वर जायला घाबरतोयस. ३२०० वर नीट उजेड घेतलेला फोटो, ८०० वर काळा काढून नंतर उजळवलेल्या फोटोपेक्षा साफच निघतो, करून बघ. पिंगळा बसला की हलत नाही, मिनिट मिनिट तसाच, त्यामुळे शटर १/१२५ सेकंद पुरतं, फक्त तुझा हात हलता कामा नये. कापडी पिशवीत राजमा भर, खिडकीच्या ग्रिलवर ठेव आणि त्यावर लेन्स टेकव. काच सरकवून बाजूला, काचेतून काढलेला फोटो मऊच येतो. एका दमात दहा-बारा काढ, दोन तरी शार्प मिळतील.
आणि सातची वाट कशाला बघतोस? थंडीत दुपारी ही मंडळी ढोलीच्या तोंडाशी ऊन खात बसतात.

निशाचर_घोडबंदर
येऊर संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे, रात्री टॉर्च घेऊन हिंडायची जागा नाही ती, बिबट्या आहे तिथे. मोबाईलवर आवाज वाजवून घुबड बोलावणारे पण बघितलेत मी, त्या पक्ष्याला वाटतं आपल्या हद्दीत दुसरा घुसला, पिल्लं सोडून धावत येतो बिचारा.
पिंगळा तुझ्याकडे बघून मान वरखाली करायला लागला की समज त्याला तू खटकतोयस, मागे हो. आणि झाड नेमकं कुठलं ते ग्रुपवर टाकू नकोस प्लीज, दिवाळीच्या आसपास जादूटोण्यासाठी घुबडं पकडतात लोक. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने बंदी आहे, पण तरी.

खाडीकाठ
सगळे घुबडातच अडकलेत 😀 अरे ऐरोलीला ये की! हिवाळ्यात ठाणे खाडीवर दलदल भोवत्या (शिकारी पक्षी) अगदी खाली उडतो, पाणपक्ष्यांचा अख्खा थवा घाबरून उठतो तेव्हा कळतं तो आला. ब्राह्मणी घार तर बारा महिने, कोळी बांधव जाळी साफ करत असले की मासे उचलायला हजर. उडत्या पक्ष्याला शटर १/२००० ठेव. आपली साधी घार आकाशासमोर काळी पडते म्हणून एक्सपोजर एक स्टॉप (म्हणजे दुप्पट उजेड) वाढव, पण ब्राह्मणीला वाढवू नकोस, तिचं डोकं पांढरं असतं, सगळे डिटेल जातात. मी पहिलं वर्षभर हेच उलटं करत होतो, पूर्ण हार्ड डिस्क भरून बिनडोक्याच्या ब्राह्मणी घारी.

कोलशेतकर
थँक्स सगळ्यांना! काल राजम्याची पिशवी केली, आई ओरडली पण चालतंय. बारात दोन शार्प, एकात एक पिंगळा दुसऱ्याची मान खाजवतोय 😍 ऐरोलीला रविवारी यायचा विचार आहे, किती वाजता येऊ?

खाडीकाठ
भरतीला ये, तेव्हा पाणपक्षी किनाऱ्याकडे सरकतात आणि मागोमाग भोवत्या. वेळ काढायला ॲप नको, तिथीची पाऊणपट कर. चतुर्थी असली तर भरती तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता. खाडीत आत यायला पाणी थोडा उशीर करतं, तेवढा वेळ धर.