घरं बाहेरून धुवायचं काम करतोय, पण धुतलेलं पाणी सोडायचं कुठे?

पोफळीखालचा:
नमस्कार मंडळी, रत्नागिरीजवळ असतो. भावाबरोबर घरं बाहेरून धुऊन द्यायचं काम सुरू केलंय, मुंबईकरांचे बंगले, जुनी चिऱ्याची (जांभा दगडाची) घरं, कंपाउंड, पायऱ्या, सगळंच. पाऊस थांबला की दिवाळीपर्यंत फोन थांबत नाही, चार महिन्यांत भिंती अशा हिरव्या-काळ्या होतात की विचारू नका. प्रेशर वॉशर आहे, शेवाळाला हायपो (सोडियम हायपोक्लोराइट, क्लोरीनचं ब्लीच) मारतो. पण इकडे प्रत्येक परसात विहीर, पोफळी, केळी, आणि अंगणाचा उतार थेट पऱ्ह्याकडे, म्हणजे ओढ्याकडे. परवा एका काकूंनी विचारलं, हे पाणी माझ्या विहिरीत नाही ना रे मुरणार? नाही हो काकू म्हटलं खरं, पण पक्कं माहीत कुणाला? त्यात एक गिऱ्हाईक म्हणतं ॲसिड मार, दुसरं म्हणतं मोरचूद (कॉपर सल्फेट) फवार, वर्षभर बघायला नको. जे हे काम करतात त्यांनी सांगा ना काय करता. आणि त्यासाठी जास्त पैसे मागितले तर लोक देतात का?

वाशिष्ठी_काठचा:
ॲसिडचं नावच काढू नकोस. चिऱ्याच्या सांध्यातलं सिमेंट, चुना खाऊन टाकतं आणि दगडावर पिवळट डाग उठतात ते वेगळेच. आणि हायपो मारलेल्या भिंतीवर कुणी शहाण्याने ॲसिड ओतलं तर क्लोरीन वायू सुटतो, शिडीवर उभा असलेला माणूस पळणार कुठे? मोरचूद बागेत बुरशीवरच्या बोर्डो मिश्रणात वापरतोच आपण, पण भिंतीवरून धुऊन पऱ्ह्यात गेलं की माशांना विष, आणि तांबं काही विरून जात नाही, मातीत साठत राहतं. हायपो निदान उडून तरी जातं, मागे मीठ उरतं. आणि चिऱ्यावर प्रेशर कमी ठेव रे बाबा. भोकं मोठी झाली की पुढच्या पावसात दुप्पट शेवाळ, मग गिऱ्हाईक तुलाच शिव्या घालणार.

पुणेकर_वॉशवाला:
मी बंगले आणि सोसायट्या दोन्ही करतो. आधी कोरडं खरवडून काढ, पत्रा आणि तारेचा ब्रश, खाली ताडपत्री. अर्धं शेवाळ तिथेच निघतं आणि तेवढं औषध वाचतं. मग भिंत साध्या पाण्याने भिजव म्हणजे ती हायपो पिणार नाही, झाडंही आधी भिजव आणि नंतर परत धू. बाजारातलं हायपो साधारण १० टक्क्यांचं असतं, १ भागाला ९ भाग पाणी घातलं तरी शेवाळाला पुरतं, लोक उगाच तसंच्या तसं मारतात. १०-१५ मिनिटं राहू दे, उन्हात वाळू देऊ नको, मग हलक्या प्रेशरने धू. आणि जुना रंग पोपडे धरून सुटत असेल तर प्रेशर मारूच नकोस. घरगुती रंगात शिशाची ९० पीपीएमची (दहा लाखांत ९० भाग) मर्यादा २०१७ च्या नोव्हेंबरपासून लागू झाली, त्याआधीच्या रंगात काय असेल देव जाणे, ते तुकडे अंगणात पोरांच्या पायाखाली नकोत.

आमच्याकडे लोकांना वाटतं की रस्त्याकडेची गटार पण एसटीपीलाच (सांडपाणी शुद्ध करायच्या केंद्रात) जाते. पावसाळी गटार सरळ नाल्यात आणि नाला मुठेत. ड्रेनेजची लाइन वेगळी.

एडिसनकर:
न्यू जर्सीत राहतो. इथे घराच्या बाहेरची व्हिनाइलची साइडिंग (भिंतीवरच्या प्लास्टिकच्या पट्ट्या) दर एक-दोन वर्षांनी धुवून घेतात, हायपो तेच. पण १९७२ च्या क्लीन वॉटर ॲक्टमुळे असलं पाणी विनापरवाना पावसाळी गटारीत सोडता येत नाही, त्यामुळे चांगले वॉशवाले गटारीच्या तोंडावर रबरी मॅट टाकतात, पाणी साचवून पंपाने उचलतात किंवा लॉनवर वळवतात. सगळेच करतात असं नाही, स्वस्तातले इथेही आहेतच!

पोफळीखालचा:
भारी माहिती, धन्यवाद. पण आमच्याकडे ड्रेनेजच नाही हो, मुरवायचं तर विहीर जवळ. आणि पाण्यात क्लोरीन उरलंय का हे कळणार कसं?

वाशिष्ठी_काठचा:
ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाकडे ओटीची (ऑर्थोटोलिडीन, क्लोरीन तपासायचं द्रावण) बाटली असते बघ, विहिरीत टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाकल्यावर तपासतात ती. धुतलेल्या पाण्याचा नमुना नळीत घे, दोन-चार थेंब टाक. फिकट पिवळं म्हणजे थोडंच उरलंय, नारिंगी-लाल झालं तर अजून तेज आहे, झाडाला किंवा पऱ्ह्याला द्यायचं नाही. विहिरीच्या उलट बाजूला मातीचा बांध घालून एक खड्डा काढ, पाणी तिथे थांबव, दिवसभर ऊन लागलं की बराच क्लोरीन उडतो. घाई असेल तर सोडियम थायोसल्फेट, मत्स्यालयवाले वापरतात ते, थोडं टाकून परत ओटी कर. एकाच झाडाच्या बुंध्याशी मात्र रोज ओतू नको, मीठ साठतं.

पुणेकर_वॉशवाला:
पैशाचं सांगतो. "पर्यावरण" म्हणून पावती वाढवलीस तर कुणी देणार नाही. काकूंच्या समोर ओटी करून दाखव, नळी त्यांच्याच हातात दे, आणि विहीर-बाग सांभाळून धुणे असं कोटेशनमध्ये वेगळं लिही. विहीरवाला माणूस त्याचे पैसे देतो, घासाघीस करेल पण देतो. ज्याला नुसतं स्वस्त पाहिजे तो तसाही ॲसिडवाल्याकडेच जाणार, त्याच्यामागे धावू नकोस.